घानाला जाण्याआधीचा शनिवार

इथे जपानमधल्या ऑफिसातली माझी घानाची मैत्रीण म्हणाली, "धाकट्या बहिणीचं लग्न आहे, गावी येतेस?" आणि मी क्षणाचाही विचार न करता "येते!" म्हणून मोकळी झाले. घरी येऊन नकाशात तिचं गाव शोधलं. समुद्राला चिकटलेला एवढासा ठिपका. मी आनंदाने अक्षरशः नाचले, मग जरा धास्तावले.

नवरा म्हणाला, "जा की! पण तिथे कसं राहायचं, ते तिला नीट विचारून घे."

शनिवारी आम्ही कसाई स्टेशनजवळच्या कॅफेत भेटायचं ठरवलं. मी आधी पोचले, जागा धरायला खुर्चीवर पर्स ठेवली आणि काउंटरवर कॉफी आणायला गेले. परत येऊन बघते तर पर्स गायब! नऊ वर्षांत जपानमध्ये माझी साधी छत्री हरवली नव्हती. मी टेबलाखाली वाकून पाहिलं. तेवढ्यात मागच्या टेबलावरून हसण्याचा आवाज आला. पर्स मैत्रिणीच्या मांडीवर होती.

"हा पहिला धडा," ती म्हणाली. "मुंबईत अशी ठेवली असतीस?"

"छे!"

"मग आमच्याकडेही मुंबईसारखीच वाग. जपानने तुला बिघडवलंय."

मी वही उघडली आणि ती सांगेल ते लिहीत गेले. पिवळ्या तापाची लस वेळेत घ्यायची. अंधार पडल्यावर अनोळखी मोटारसायकलवर बसायचं नाही. फोटो विचारूनच काढायचा. देणं-घेणं उजव्या हाताने.

"हे उजव्या हाताचं तर माझ्या आईनेच शिकवलंय," मी म्हटलं, तर तिने मला टाळीच दिली.

मग तिने तिच्या आईला फोन लावून माझ्या हातात दिला. मी इंग्रजीत विचारलं, "काकू, गावात एकटी फिरले तर चालेल ना?"

त्या खळखळून हसल्या. "फिर की! पण दारादारात थांबून सगळ्यांची विचारपूस करावी लागेल. लग्नाला वेळेवर पोचणार नाहीस!"

गेल्या महिन्यात जाऊन आले. समुद्राबद्दल मात्र मला कुणीच काही सांगितलं नव्हतं. पहिल्याच सकाळी मी चपला काढून पाण्याकडे धावत सुटले, तोच जाळं ओढणारा एक म्हातारा हात उंचावून ओरडला. वरून शांत दिसणारं ते पाणी आत खेचणारं होतं. तो स्वतः मला पलीकडे, खडकांच्या आडोशाला घेऊन गेला. तिथे मी तासभर मनसोक्त डुंबले. तो काठावर बसून जाळं सांधत होता आणि मधूनमधून मान वर करून मी दिसतेय ना, ते बघत होता.