दहा लाख एक

आमच्या कर्जतकडे लग्नात आहेर करताना शंभर, हजार असा गोल आकडा कोणी ठेवत नाही, वर एक लागतोच. का, तर तसा आकडा फुटत नाही, म्हणून नव्या जोडप्याचंही फाटत नाही. माझ्या वडिलांनी, आबांनी, हे मला लहानपणी सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी मी एक हजार एकाला सातने पुरता भाग घालवून दाखवला. आबा रागावले नाहीत, उलट हरखले. मग दोघांना खूळच लागलं. एकशे एक तर फुटत नाही; त्याहून मोठा, एक, मध्ये नुसती शून्यं, शेवटी पुन्हा एक, असा न फुटणारा आकडा हुडकायचा. दहा हजार एक त्र्याहत्तरने फुटला. एक लाख एकाने तर अकरापुढेच मान टाकली. दहा लाख एक मात्र दाद देईना. पुढे माझं लग्न झालं, मी नगरला आले आणि तो आकडा तसाच राहिला.

गेल्या हिवाळ्यात आबांना पॅरालिसिसचा झटका आला आणि मी माहेरी येऊन राहिले. पाय थोडाफार सावरला, वाचा काही परतली नाही. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा त्यांच्याशी. भेटायला येणारे तान्ह्या मुलाशी बोलावं तसं मोठमोठ्याने बोलत आणि आबा भिंतीकडे तोंड फिरवत. मला त्या लोकांचा संताप यायचा. त्याहून जास्त भीती वाटायची, आबांचं डोकंच गेलं असेल तर?

एका दुपारी मी त्यांच्या खाटेजवळ फरशीवर खडूने दहा लाख एक लिहिलं. मोबाईलने क्षणात उत्तर दिलं असतं, पण मग बोलायचं कशावर? एकेक मूळ संख्या घेऊन मी मोठ्याने भागत सुटले. दहा लाखांचं वर्गमूळ हजार, म्हणून हजारापर्यंत भाग जाणारी कोणी सापडली नाही, तर आकडा अभंग. तीन, सात, अकरा, तेरा, चौघांनाही बाकी दोनच उरली. असं का, याचं मला भारी नवल वाटलं. आबांनाही ते विचारलं आणि पुढची संख्या घेतली.

सत्त्याण्णवला अठ्ठावीस उरले. ते पुसून मी एकशे तीन मांडलं. तेवढ्यात आबांचा डावा हात खाटेच्या माचव्यावर आपटला. ओठ वाकडे झाले, जीभ दोनदा अडखळली.

"एकशे एक... ऱ्हायला."

खरंच राहिला होता. एकशे एक म्हणजे आहेराचाच आकडा; त्याने दुसऱ्याला भागून बघावं, हे आमच्या घरातल्या हाताला सुचणारच नाही. मी रडत रडत भाग लावला. बाकी शून्य, भागाकार नव्व्याण्णवशे एक. इतक्या वर्षांचा आमचा आकडा फुटला आणि मला आनंद आवरेना.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. आबा बोलले, आबा बोलले, एवढंच मी तिला सांगत होते. आबांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी डाव्या हाताचं बोट त्या नव्व्याण्णवशे एकाकडे केलं.

"आन् त्यो? त्यो फुटतो का?"