दसऱ्याला पुजलेलं गाडीचं पुस्तक

ये, अशी जवळ बस. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "हो काकी, हो काकी" म्हणतेस आणि तुला करायचं तेच करतेस, म्हणून लिहितेय. समज, मी तुझ्यासमोरच बसलेय आणि तुझा हात धरून ठेवलाय.

काल तू म्हणालीस, गाडी सुटताना थरथरते, मी घरीच गिअरबॉक्सचं तेल बदलते, ऑटोमॅटिकचं तेल मागवलंय, दोन दिवसांत येईल. कुठलं मागवलंस विचारलं तर म्हणालीस, "काकी, ऑटोमॅटिकचं म्हणजे ऑटोमॅटिकचं. त्यात काय बघायचं?" बाय, त्यातच सगळं बघायचं असतं. एवढी शिकलीस, नाशकात दहा माणसं तुझ्या हाताखाली काम करतात, आणि डब्यावर काय लिहिलंय ते वाचायचा तुला कंटाळा. डबा आला तर येऊ दे. झाकण मात्र उघडू नकोस, आधी माझं ऐक.

तुला रागावायचा मला तसा हक्क नाही, कारण मीही हेच केलं होतं. गेल्या वर्षी, दसरा होऊन महिनाभर झाला असेल. तुझ्या आईने शपथ घातली होती, लेकीला कळवायचं नाही. आज ती शपथ मोडते. तिला विचारूनच मोडते.

आपली पांढरी गाडी तुझ्या काकांनी जुनीच घेतली होती, माझ्या डाव्या गुडघ्यासाठी. क्लच दाबायचा नाही म्हटल्यावर मी अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकले. गावात बायका म्हणायच्या, ही काय आता रिक्षा चालवणार का. मग काका गेले, त्याआधी तुझे बाबा गेले होतेच, आणि वाडीत उरलो आम्ही दोघी जावा. तुझ्या आईचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा त्याच बायका म्हणाल्या, बरं झालं बाई शिकलीस ते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पहाटे उठून निघायचं. चार तास ती मशीनवर, मी बाहेर बाकावर. परत येताना तिच्यात काही उरलेलं नसतं. सीट मागे पाडून, डोळ्यांवर पदर घेऊन पडते आणि वसईतला प्रत्येक खड्डा मला न बघता सांगते.

एकदा टायर पंक्चर होतं म्हणून तिला रिक्षाने आणलं होतं. घरी येईपर्यंत दोनदा उलटी झाली. त्या दिवशी ओटीवर बसून ती शांतपणे म्हणाली, "बघ, तुझी गाडी आहे तोवर मी जाईन. रोज रिक्षाला हात दाखवायची वेळ आली की मी नाही जाणार. मग काय व्हायचं ते होऊ दे." तू तिची लेक आहेस, तुला ठाऊक आहे, ती एकदा बोलली की बोलली.

म्हणून गाडी थरथरायला लागली तेव्हा मी त्याच दिवशी ती गॅरेजात नेली. हळू चालवताना, नाक्यावरून सुटताना, थंडी वाजल्यासारखी कापायची. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मावशी, गिअरबॉक्सचं काम आहे. उघडून बघावं लागेल, आठवडाभर ठेवून जा." आठवडा म्हणजे तीन फेऱ्या. मी विचारलं, तेल कधी बदललं असेल? तो म्हणाला, जुनी गाडी, देव जाणे. मी मनात म्हटलं, मग आधी तेलच बदलून बघू. आणि ते मीच बदलीन. विहिरीवरच्या पंपाचं तेल बदललंय, फवारणीचा पंप खोलून परत लावलाय, ही काय अशी मोठी गोष्ट.

शेजारचे फिटर भाऊ तुला आठवत असतील, ज्यांच्या अंगणात तू लपाछपी खेळताना खड्ड्यात पडली होतीस. टेम्पोखाली उतरून काम करायचा तो खड्डा अजून आहे. ते वालीवच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. म्हणाले, "वहिनी, रविवारी सकाळी आणा गाडी. तेल तेवढं तुम्ही आणून ठेवा."

आता माझी चूक ऐक. केळीच्या पानावर करपा पडला की आपण काय करतो? पान तोडतो, औषधाच्या दुकानात नेतो, दुकानदार पान उलटून बघतो आणि बाटली देतो. माझ्या सासऱ्यांपासून असंच चाललंय. मी तेच केलं. गाडीची तेल बघायची पट्टी काढली, तिच्यावरचे थेंब रिकाम्या लोणच्याच्या बाटलीत निथळवले आणि ती बाटली घेऊन ऑइलच्या दुकानात गेले.

दुकानदाराने बाटली उजेडात धरली. "जळलंय. कुठली गाडी?"

"पांढरी. छोटी आहे."

तो हसला. "मावशी, रंग नाही विचारला. ऑटोमॅटिक आहे ना?"

"ऑटोमॅटिकच."

"मग हे लाल घ्या. सगळे हेच नेतात."

मी झाकण उघडायला लावून वास घेतला. बोटांवर चोळून बघितलं, खोबरेल घेताना बघतो ना, तसं. स्वच्छ लाल, पातळ, गुळगुळीत. मला फार आवडलं. त्या जुन्या काळ्या थेंबांपुढे ते तेल डाळिंबाच्या रसासारखं दिसत होतं. पण बाय, जुनं तेल ते किती थकलंय एवढंच सांगतं. ते मुळात कोण होतं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

रविवारी गाडी खड्ड्यावर लावली. फिटर भाऊ खाली उतरले, बोल्ट सोडला, तेल घमेल्यात पडलं. ते थंड झाल्यावर मी जुन्या दुधाच्या मापाने मोजून घेतलं, कारण निघालं तेवढंच परत भरायचं, हे मात्र मला भाऊंनी नीट बजावलं होतं. साडेतीन मापं भरली. तुझी आई कुंपणापलीकडे आपल्या पायरीवर बसली होती. हातात तिचा तो खुणेचा पेला. दिवसभरात किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलंय, म्हणून त्या पेल्यातून ती चिमणीसारखी घोट घोट घेते.

मी नरसाळं लावलं, लाल डबा उचलला.

"पुस्तकात काय लिहिलंय?" तिने तिथूनच विचारलं.

"कुठलं पुस्तक?"

"गाडीचं. देवघरातलं."

मी म्हटलं, "ताई, ते पूजेचं आहे."

भाऊ खड्ड्यातून म्हणाले, "वहिनी, ओता तुम्ही. चांगलं तेल आहे, मी बघितलंय."

"भाऊ," तुझी आई म्हणाली, "शहाळंही चांगलंच असतं."

मी डबा खाली ठेवला.

हे शहाळ्याचं तुला ठाऊक नाही. ते आधीच्या उन्हाळ्यातलं. डायलिसिस नवीन होतं, तिचा घसा सुकायचा, पाण्याचा हिशेब संपलेला असायचा, आणि ती नुसती ओठांवरून जीभ फिरवत बसायची. मला बघवेना. आपल्या वाडीत माड उभे आहेत आणि घरच्या माणसाने तहानेलं राहायचं? मी शहाळं काढून आणलं आणि म्हटलं, हे काही पाणी नाही, हे औषध आहे, पी. तिने मला खूश करायला प्यायलं. वर मी एक केळंही दिलं. संध्याकाळी तिचं काळीज वेडंवाकडं उडायला लागलं, आणि रात्र आम्ही हॉस्पिटलात काढली. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यांच्या मूत्रपिंडांना शहाळं आणि केळं दोन्ही झेपत नाही, त्यातला क्षार अंगात साठतो आणि काळीज बंद पाडू शकतो. पहिल्याच दिवशी कागद दिला होता, वाचला नाही का? कागद होता. माझ्या पिशवीत घडी घालून होता. मी आजवर इतक्या आजाऱ्यांना शहाळी दिली होती की वाचायची गरज वाटली नव्हती.

तर ती पायरीवरची बाई एवढंच म्हणाली, शहाळंही चांगलंच असतं. दोष दिला नाही. पेल्यातला एक घोट घेतला.

मी देवघरातून पुस्तक आणलं. तुला सांगते, हसू नकोस. गाडी घेतली त्या वर्षापासून दर दसऱ्याला ते पुस्तक पाटावर ठेवून पूजा केली होती. हळद, कुंकू, अक्षता, आपट्याचं पान. वरचं कव्हर लाल झालं होतं, कडांना कुंकू चिकटलं होतं. इतक्या वर्षांत ते उघडलं मात्र एकदाही नव्हतं. मला वाटतं, आपण जे जे वाचायला घाबरतो त्याची पूजा करतो. निदान मी तरी करते.

इंग्रजी पुस्तक. मी सातवी, पुढचं सगळं वर्तमानपत्रं आणि औषधांच्या बाटल्यांवरून शिकलेलं. तुझी आई तुझ्या शाळेच्या वह्या तपासायची, तेवढं तिचं पक्कं. ती उठून आली, चष्मा लावला, आणि बोट ठेवून पानामागून पान बघत गेली. शेवटाकडे एका चौकटीत ते सापडलं. गिअरबॉक्सला याच नावाचं तेल घालावं, दुसरं घातल्यास गिअरबॉक्स खराब होईल. नाव होतं चार अक्षरांचं. आमच्या डब्यावर वेगळंच होतं.

फिटर भाऊ खड्ड्यातून वर आले, हात पुसले, आणि ते सगळं पान तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, माझंही चुकलं. मला वाटलं आत गिअर असतील. पण या पानावर लिहिलंय, यात गिअर नाहीतच, पट्टा आहे. दोन चाकं आणि मधे लोखंडी पट्टा. कारखान्यात पट्ट्यावर भलतं तेल सांडलं की तो जागच्या जागी घसरत राहायचा, आणि शेवटी झिजून जायचा. या गाडीचं तेल नुसतं गुळगुळीत असून चालत नाही, त्याने पट्ट्याला पकडही द्यायला पाहिजे." लाल डब्याकडे बघून म्हणाले, "आणि कळलं नसतं हो. ओतल्यावर महिनाभर चालली असती."

गाडी आता रिकामी, दिवस रविवारचा. भाऊ स्कूटरवरून वालीवपर्यंत जाऊन आले, दोन दुकानं उघडी होती, दोघांकडेही ते तेल नव्हतं. गाडीच्या कंपनीचं दुकान सोमवारी दहाला उघडणार, आणि सोमवारी सकाळी सातला डायलिसिस. रात्री मी तिला न विचारताच रिक्षा सांगून ठेवली. तिचं ते रिक्षाचं बोलणं आम्हा दोघींच्या मधे बसलेलं होतं.

पहाटे मी तिच्या दारात गेले तर ती तयार. पिशवी खांद्याला, पायात चपला.

"रिक्षा सांगितलीस?" तिने विचारलं.

"येशील?"

"आज येते. तू ते तेल ओतलं असतंस तर नसते आले." मग दाराला कडी घालता घालता म्हणाली, "आता तू थांबून विचारायला शिकलीस. मलाही थोडं सोसायला हवं."

रिक्षात मी तिला दोन्ही हातांनी धरून बसले होते. रिक्षावाल्याला तिने तीनदा सुनावलं, म्हणजे तब्येत ठीक होती.

ती मशीनवर असताना मी स्टेशनपलीकडे पूर्वेला त्या कंपनीच्या दुकानात गेले. पुस्तक पिशवीत घालून नेलं होतं, कुंकवासकट. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मावशी, तुम्ही कशाला आलात, ड्रायव्हरला पाठवायचं."

"ड्रायव्हरच आलीये," मी म्हटलं.

त्याने डबे आणले. मी पुस्तक उघडलं आणि एकेक अक्षर बोटाने लावून बघितलं, पुस्तकावरचं आणि डब्यावरचं. मागे रांग होती. कोणीतरी चुकचुकलं. मी दुसऱ्यांदा लावून बघितलं. त्याने स्वतःहून बोल्टखालची नवी चकतीही दिली, म्हणाला, जुनी परत लावू नका, गळेल. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तेलाचा रंग म्हणशील तर लाल नव्हता, फिकट होता, मला आवडलाही नसता. संध्याकाळी साडेतीन मापं भरली. इंजिन चालू करून, ब्रेकवर पाय घट्ट ठेवून, भाऊंनी सांगितलं तसं गिअरची दांडी एकेका खुणेवर थांबवत फिरवली, आणि मग पुस्तकात दिलंय तसं गाडी गरम असताना पट्टीवर पातळी बघितली. बुधवारी तुझी आई गाडीतून गेली. थरथर लगेच गेली नाही. भाऊ म्हणाले, आत थोडं जुनं तेल उरतंच, महिन्याने परत बदलू. दुसऱ्यांदा बदललं तेव्हा बरीच थांबली. पावसाळी सकाळी अजून एखादेवेळी कापते, मग आम्ही दोघी कान देऊन ऐकत राहतो. त्या लाल डब्यावर तुझ्या आईने चिठ्ठी लावलीये, "याला हात लावू नये." फळीवर आहे.

म्हणून म्हणते, तुझ्या गाडीत पट्टा आहे की गिअर, मला ठाऊक नाही आणि तुलाही नाही. भाऊ म्हणतात, ऑटोमॅटिकच्याही जाती असतात, काहींना तर साध्या गिअरचंच तेल लागतं. माझ्या गाडीचं तेल विचारू नकोस, तुझ्या गाडीचं पुस्तक बघ. तुझं कुठे आहे ग ते? प्लॅस्टिकच्या पिशवीत, सीलसकट असणार.

थरथरती गाडी घेऊन घाटातून येऊ नकोस. एसटीने ये, नुसतं पुस्तक घेऊन ये. तुझी आई म्हणाली, "तिला सांग, मी वाचून देते." चष्म्याचा नंबर नवा करून घेतलाय तिने, आणि कालपासून दोनदा विचारून झालं, ती येते म्हणाली का. शहाळी उतरवून ठेवते. ती तू प्यायचीस, आई समोर बसून बघेल, तेवढं तिला चालतं. रविवारी मशीन नसतं, दिवसभर ती आपलीच असते. या रविवारी जमलं तर बघ, नाहीतर पुढच्या. त्याहून लांबवू नकोस.