फ्लोराबाईंचे दोन चौकोन

"फ्लोराबाईंनी नातीसाठी जपानी भाषेतला संगणकाचा खेळ करायला घेतला, पण अक्षरे काही जमली नाहीत. शेवटच्या पडद्यावर दोन रिकामे चौकोन राहिले ते राहिलेच." आमच्या सोसायटीच्या स्मरणिकेत चिटणीसांनी हे छापले आहे. चिटणीस तेव्हा दूर रोडपालीला राहत होते. बाईंच्या भिंतीला भिंत लावून मी राहत होतो. म्हणून हे मला खोडून काढणे भाग आहे.

फ्लोराबाई बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. एका कारखान्याचे नकाशे रेखाटण्यात त्यांची नोकरी सरली. बोलतानाही त्यांचे बोट टेबलावर न दिसणाऱ्या रेघा ओढी. "घाईची रेघ खोडरबराच्या पोटात जाते, नाना," हे त्यांचे ठरलेले वाक्य. मुलगी लीआ हिने त्यांना न विचारता एका जपानी मुलाशी लग्न केले आणि ती जपानला गेली, तेव्हापासून मायलेकींत अबोला. नात युमी, तिला जपानीखेरीज दुसरी भाषा येत नसे. म्हणून बाई साठीनंतर शब्दकोश घेऊन जपानी शिकल्या.

त्यांच्या संगणकावर जपानी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटे. बाईंनी मग आलेखाच्या कागदावर बारीक घरे काळी करून एकेक अक्षर काढले, आणि ती चित्रेच खेळात अक्षरे म्हणून बसवली. खेळ साधा होता: खाडीतला नावाडी मुलीला पैलतीरी नेतो आणि उतरताना तिचे नाव विचारतो.

तिथे बाई अडल्या. जपानीत एकच नाव निरनिराळ्या चित्राक्षरांनी लिहितात. आईबापांनी कोणती निवडली, हे त्यांना ठाऊक नव्हते.

"लीआला विचारा," मी म्हणालो.

"सख्ख्या नातीचं नाव कसं लिहितात ते विचारू? नाक कापून देऊ तिच्या हातात?"

"मग?"

"दोन चौकोन मोकळे ठेवते. माऊसने टिचक्या मारून आतली बारीक घरं काळी करत पोर आपलं नाव भरेल. तशी सूचना लिहिलीय."

एक प्रत सोसायटीच्या संगणकावर ठेवून बाईंनी खेळ लीआला ईमेलने धाडला. सोबत ओळभरही मजकूर नाही. मग बाईंचे जेवण तुटले.

"तिकडे काही उमटलंच नाही तर? लीआने न उघडताच पुसून टाकला तर?"

"पुसेल कशाला? तुमची लेक आहे ती."

"म्हणूनच भीती वाटते, नाना."

एका शुक्रवारी दिवेलागणीला लीआचा मेल आला. मजकूर नाही, नुसती फाईल. मी माऊसला हात घालणार, तोच बाईंनी पडद्यावर फडके टाकले. शब्बाथ लागत होता. शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही.

"अहो, एक टिचकी!"

"उद्या."

"आणि आपलाच खेळ न उघडता परत धाडला असेल तर?"

"तर तेही उद्याच कळू दे. आज बोलू नका." दिवा लावताना त्यांच्या हातातली काडी दोनदा विझली.

शनिवारभर मी जिन्यात येरझारा घातल्या. बाई गॅलरीत बसून होत्या. बोट एकदाही हलले नाही.

चिटणीसांनी पाहिली ती सोसायटीच्या संगणकावरची आधीची प्रत. तिच्यात चौकोन रिकामे असणारच. त्या संध्याकाळी फडके काढून आम्ही लीआकडून आलेली जी उघडली, तिच्यात नावाड्याने नाव विचारले आणि खाली दोन्ही चौकोनांत अक्षरे होती, वाकडीतिकडी, काठाला जाऊन भिडलेली. ती फ्लोराबाईंनी काढलेली नव्हती.