खांबाआडची जागा

जुना लाकडी खांब विकत घेताना मी आधी त्याला मिठी मारतो. हात एकमेकांना टेकले तर खांब साधा, टेकले नाहीत तर चांगला. मग बोटाच्या पेराने टकटक करून आतून पोकळ आहे का ते ऐकतो, आणि मग तोंड वाईट करून मालकाला म्हणतो, "याला कोण घेणार?" तंजावरात गेली कित्येक वर्षं माझा हाच धंदा आहे. लोक जुनी घरं पाडतात आणि मी त्यांची दारं, खिडक्या, खांब, तुळया घेऊन जातो.

मी मिठी मारलेला पहिला खांब मात्र विकाऊ नव्हता. तो आमच्या शाळेच्या वर्गात होता, आणि माझी जागा त्याच्या मागे होती.

आमच्या शाळेत परीक्षेतल्या नंबराप्रमाणे बसवत. पहिला नंबर पहिल्या बाकावर, फळ्यासमोर. शेवटचे नंबर शेवटच्या बाकावर, उजव्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्यापुढे हा खांब. तिथे एकदा गेलेला मुलगा पुन्हा पुढे आलेला मी पाहिला नाही. सहावीत मला टायफॉइड झाला, एक परीक्षा बुडाली आणि मी खांबामागे गेलो. आठवीच्या शेवटी गणिताच्या सारांनी (इकडे सरांना 'सार' म्हणतात) माझ्या वडिलांना बोलावून सांगितलं, "याच्या डोक्यात लाकूड भरलंय. उगाच फी भरू नका, धंद्याला लावा." वडील भोजनालयात वाढपी होते. सार म्हणजे त्यांना देव. दुसऱ्या दिवसापासून मी लाकडाच्या वखारीत.

तो राग मी जपून ठेवला. पुढे तिशीत दुकानाच्या पायरीवर उजेडात बसून मी देवनागरी शिकलो, कारण मिरजेचा एक व्यापारी मराठीत पत्रं पाठवायचा. घरात मराठी बोलणारे आम्ही, पण लिहिता-वाचता तमिळच यायचं. दोन महिन्यांत पत्र वाचायला लागलो. त्या दिवशी आनंद झालाच, पण त्याहून जास्त त्या सारांचा राग आला.

नव्वदनंतर शहरात सिमेंटच्या घरांची लाट आली. रंगीत टीव्ही, एसटीडीचे बूथ, संगणकाच्या क्लासच्या पाट्या आणि गल्लीगल्लीत पाडकाम. माझी भरभराट झाली. मुलगी त्याच शाळेत सहावीत गेली. बायकोला तिला इंग्रजी शाळेत घालायचं होतं. मी म्हटलं, "माझ्या शाळेतच जाईल आणि पहिली येऊन दाखवेल." हा हट्ट मुलीचा नव्हता, माझा होता.

ऑक्टोबरच्या आधी शाळेतून निरोप आला. गणिताचे ते सार आता हेडमास्तर झाले होते. पहिल्या चाचणीत आणि मग तिमाहीत मुलीचा वर्गात शेवटून दुसरा नंबर आला होता. सहामाहीतही असंच राहिलं तर वर्षअखेर तिला वरच्या वर्गात ढकलता येणार नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली एक ओळ जास्तीची होती: "शिवणकाम शिकवल्यास उपयोग होईल."

माझं रक्त तापलं. कारण हीच मुलगी दुकानात तुळईची लांबी, रुंदी, जाडी ऐकून घनफूट तोंडी सांगायची.

"वही आण," मी म्हटलं.

"कशाला? ओरडाल."

"ओरडणार नाही."

"आत्ताच ओरडताय, अप्पा."

मी वही उघडली. प्रत्येक वाक्याला सुरुवात होती, शेवट होता, मधलं काही नव्हतं. 'कावेरी नदी कोडगूच्या... समुद्राला मिळते.' गणितात तर 'चोवीस' आणि 'सहा' होते, मधे करायचं काय ते नव्हतं.

"हे काय आहे? बेरीज, गुणाकार?"

"ते दिसत नाही. मी बेरीज करते. बेरीज कमी चुकते."

"तू बसतेस कुठे?"

तिने हवेत एक जाड खांब काढून दाखवला. तिने हातांनी दाखवलेली जाडी मी ओळखली. लहानपणी त्याला मिठी मारली की माझे हात एकमेकांना टेकत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेलो. आमचं सगळं बोलणं तमिळमध्ये झालं. भांडायला मला तीच भाषा सोयीची.

"सार, ओळखलंत का?"

हेडमास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "लाकूडवाला."

"तुम्हीच केलंत."

"मग बरं केलं. ऐकतो, दोन मजली घर बांधलंस."

मी टेबलावर वही आपटली. त्यांनी ती शांतपणे चाळली आणि म्हणाले, "त्याच वर्गाच्या हॉलमध्ये शिकून मुलं डॉक्टर झाली."

"ती खांबामागे बसली नव्हती."

"खांबामागे का बसली नव्हती? कारण अभ्यास करायची."

"आणि मागे बसलेल्यांनी कशावरून अभ्यास करायचा? खांबावरून?"

ते हसले नाहीत, पण दाराशी उभा असलेला शिपाई हसला. आम्ही वर्गात गेलो. खांब काढता येईल का म्हणून मी टकटक करून पाहिलं. आतून भरीव होता आणि वरची अख्खी तुळई त्याच्यावर होती. काढला असता तर कौलं मुलांच्या डोक्यावर आली असती. मी तसं खरं सांगितलं. मागच्या भिंतीला एकही खिडकी नव्हती. कोपऱ्यात इतका अंधार की मुलांची दप्तरं आणि तोंडं सारखीच काळी दिसत.

"एक खिडकी बसवून देतो," मी म्हटलं, "जुनं सागवान. त्याबदल्यात नंबराप्रमाणे बसवणं बंद करायचं."

हेडमास्तरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकाने पुसायला लागले. बोलेनात. समोरच्याने गप्प बसलं की मला राहवत नाही. ही युक्ती मी रोज लोकांवर चालवतो, पण माझ्यावर कुणी चालवली नव्हती.

"बरं, दोन," मी म्हटलं.

त्यांनी दुसरी काच पुसायला घेतली.

"तीन. पण आता पुरे."

"तीन खिडक्या," त्यांनी चष्मा लावला, "आणि सहामाहीपर्यंत तुझ्या मुलीला मधल्या बाकावर बसवतो. नंबरांची पद्धत राहील."

मी रस्त्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तीन खिडक्या देऊन एक बाक आणला. बायको म्हणाली, "आज तुम्हाला कुणीतरी सव्वाशेर भेटलं म्हणायचं."

सरस्वतीपूजेच्या सुट्टीत मी स्वतः उभं राहून मागच्या पश्चिमेच्या भिंतीत खिडक्या बसवून घेतल्या. ओरत्तनाडूकडच्या एका घरातल्या, कातीव गजांच्या. सकाळी नऊला हॉल असा उजळला की शिपायाने फळ्याला नमस्कार केला. मी खूश होऊन घरी गेलो.

शाळा सुरू झाली त्या दिवशी दुपारी मुलगी धापा टाकत दुकानात आली. "अप्पा, सार बोलावतात. फळा पेटलाय."

आमच्या धंद्यात लाकूड सकाळी बघतात. ऊन चढलं की रंग फसवतो, म्हणून पहाटे जायचं, नऊपर्यंत सौदा उरकायचा. मी खिडक्याही सकाळीच पाहिल्या होत्या. दुपारी पश्चिमेचं ऊन कुठे जाईल हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. ते सरळ समोरच्या भिंतीवर, सिमेंटच्या फळ्यावर जात होतं. फळा पितळेच्या परातीसारखा चमकत होता. पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत कुणालाच काही दिसत नव्हतं. फक्त एका ठिकाणी खांबाची सावली उभी पडली होती, हातभर रुंद. भूगोलाच्या बाई त्या सावलीत एकाखाली एक शब्द लिहीत होत्या. सावली सरकेल तशा त्याही सरकत होत्या आणि चाळीस माना त्यांच्याबरोबर.

"चारपर्यंत सावली फळ्याच्या बाहेर जाईल," हेडमास्तर म्हणाले. "मग शेवटचा तास मी भिंतीवर घेऊ का?"

मुलं हसली. माझी मुलगी सगळ्यांत मोठ्याने. मला संताप आला, स्वतःचाच, म्हणून मी त्यांच्यावर काढला. "तुम्ही बसलात का कधी इथे? चाळीस वर्षं फळ्यापाशी उभे राहून फळा दिसतो म्हणता. बसून बघा."

बाईंचा खडू थांबला. मला वाटलं, आता बाहेर काढतात. पण हेडमास्तर चालत मागे गेले आणि खांबामागच्या बाकावर बसले. बाक लहान, त्यांचे गुडघे छातीला लागले. त्यांनी डावीकडे मान वळवली, मग उजवीकडे. फळ्याचा जो भाग वाचता येत होता तो नेमका खांबाआड होता.

"काय लिहिलंय, सार?" मी विचारलं.

त्यांनी पुन्हा एकदा मान वाकडी करून पाहिलं. या वेळी चष्मा पुसत नव्हते.

"तू इथे किती वर्षं होतास?"

"अडीच."

"आणि तरी आठवीपर्यंत पोचलास?"

पंचवीस वर्षं मी या माणसाला ऐकवायची वाक्यं तयार केली होती. वखारीत, बसमध्ये, अंघोळ करताना. त्यातलं एकही आलं नाही. मी म्हटलं, "बेरीज कमी चुकते, सार."

ते उठताना खांबाला धरून उठले. मग म्हणाले, "उत्तरेच्या भिंतीला फळा लावला तर?"

खरंच, बाकं उत्तरेकडे वळवली की खांब सगळ्यांच्या पाठीमागे जात होता आणि उजेड डाव्या बाजूने वहीवर येत होता. हॉल लांबट, त्यामुळे तीनच रांगा होत होत्या. इतकी वर्षं हे कुणाला सुचलं नाही, कारण जुना फळा सिमेंटने भिंतीत पक्का केलेला होता आणि जिकडे फळा तिकडे तोंड करून सगळे बसत आले.

"माझ्याकडे एका घराचं दार आहे," मी म्हटलं. "अखंड फळ्यांचं. रंधा मारून काळं करून देतो. पण या वेळी पक्कं बोला. दर सोमवारी प्रत्येक रांग एक घर पुढे. पुढची मागे. नंबर कुठलाही असो."

त्यांचा हात चष्म्याकडे गेला.

"चष्मा पुसायचा नाही, सार."

या वेळी ते हसले. "दे दार."

पहिल्या नंबराच्या मुलीचे वडील तिसऱ्या आठवड्यात तक्रार घेऊन आले, की आमच्या मुलीला मागे का बसवता. हेडमास्तरांनी त्यांना मागच्या रांगेत बसवलं आणि फळा वाचायला लावला. त्यांना सगळं वाचता आलं. ते घरी गेले.

सहामाहीत मुलगी पास झाली. नंबर पहिला नाही, विसावा. प्रगतिपुस्तक तिने माझ्यापुढे टाकलं आणि लगेच रडगाणं सुरू केलं, "पुढच्या रांगेत बसलं की बोलता येत नाही. खांब बरा होता." मी वही मागितली. कावेरी कोडगूच्या डोंगरात उगम पावून, वाटेत शेतांना पाणी देत, समुद्राला मिळाली होती. मी ते वाक्य दोनदा वाचलं.

प्रगतिपुस्तकावर सही करून मी ते स्वतः परत द्यायला गेलो. हेडमास्तर माफी मागतील असं मला आतून वाटत होतं. त्यांनी मागितली नाही. तेवढी तक्रार माझी अजून शिल्लक आहे. सही पाहून ते म्हणाले, "आता सातवीत जाईल. शिवणकाम राहू दे."

मी जायला वळलो.

"डेय," त्यांनी मागून हाक मारली, आठवीत मारायचे तशीच. "सातवीच्या वर्गातही अंधार आहे. दोन खिडक्या."

"आधी दुपारी येऊन बघतो," मी म्हटलं.