पप्पांना कळेल असं

पदवी झाल्यावर मी कर्वेनगरमधल्या एका कॉम्प्युटर क्लासला जाऊ लागले. तेव्हा पुण्यात ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटरच होता. बस बदलत विश्रांतवाडीला घरी पोचेपर्यंत दिवे लागलेले असायचे. आई नर्स, तिची बहुधा दुपारपाळी. त्यामुळे कारखान्यातून लवकर सुटलेले पप्पा चपात्या लाटत असायचे. मी चपला काढते न काढते तोच विचारायचे, "आज काय शिकवलं?"

सुरुवातीला मी वर्गात शिकवलेलं इंग्रजीतच घडाघडा म्हणून दाखवलं. पप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पाठ छान झालंय. आता मला कळेल असं सांग."

तिथेच माझी गाडी अडली. 'व्हेरिएबल' म्हणजे काय, हे सांगायला शब्दच सापडेनात. शेवटी म्हटलं, "समजा, एक डबा आहे. त्यावर नाव लिहिलंय आणि आत एक आकडा ठेवलाय."

"आणि आकडा ठेवलाच नाही तर?"

मला माहीत नव्हतं. माहीत नाही हेसुद्धा त्यांनी विचारेपर्यंत माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. ते म्हणाले, "डबा रिकामाच असेल असं नाही. आधीचं काहीतरी त्यात राहिलेलं असू शकतं."

घरी येऊन सांगितलं, तर पप्पा जाम खूश. "म्हणजे न घासलेला डबा!" मग हळूच, "प्रश्न माझा होता, हे सांगितलंस ना सरांना?"

त्यानंतर मी बसमध्येच मनातल्या मनात पप्पांना समजावू लागले. जिथे अडखळायचे, तिथे आपल्याला कळलेलं नाही हे लख्ख दिसायचं. मग दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर करायला लाज वाटेनाशी झाली.

कोर्स संपला तेव्हा सरांनी घरच्यांनाही बोलावलं. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. कॉम्प्युटर इतक्या जवळून ते प्रथमच बघत होते. मी त्यांना खुर्चीत बसवलं, माऊस हाताशी सरकवला. त्यांनी तो धरलाच नाही. सरांकडे वळून म्हणाले, "आपण काय म्हणतोय ते याला कळतं कसं?"

सर हसले. "काका, हे सांगायला वेळ लागेल."

"मला घाई नाही," पप्पा म्हणाले.

सरांनी शेजारची खुर्ची ओढली. पेढे वाटून झाले, मुलं पांगली, तरी दोघं बोलतच होते. मी मागे उभी राहून ऐकत होते. सर एके ठिकाणी अडखळले, तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!