आठ बाजूंचा चौथरा

बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात मूर्तीखाली ठेवायचा चौथरा मी स्वतः बनवीन, असं मी भर मीटिंगमध्ये सांगितलं आणि आमच्या मंडळाचा सेक्रेटरी हसला. माझ्या मुलीच्या वयाचा, सॉफ्टवेअरमधला.

"काका, कशाला त्रास? टेबल ऑनलाइन मागवू. शनिवारपर्यंत नाही झालं तर?"

या देशात मी दुसऱ्यांचे ट्रक रिकामे करून सुरुवात केली. आज इथल्या शॉमबर्ग गावात माझं स्वतःचं ग्रोसरीचं दुकान आहे. 'नाही झालं तर' हे मला कुणी ऐकवायचं नाही.

"शनिवारी सकाळी हॉलवर असेल," मी म्हणालो. "आणि आठ बाजूंचा असेल. अष्टांगिक मार्ग आहे ना, म्हणून आठ."

कोनात कापणारी करवत, मायटर सॉ, मी जुन्या सामानाच्या एका गराज सेलमधून घेतली होती. विकणारा म्हातारा किंमत सोडेना. शेवटी मी म्हणालो, लाकूड दाबून धरायचा हा क्लॅम्प तूच ठेव, मला नको, पण आता कमी कर. त्यानं लगेच केली. इतक्या चटकन कुणी भाव सोडला की मालात खोट असते, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो. त्या दिवशी मलाच कळलं नाही, आणि त्याचा राग मला अजून त्या म्हाताऱ्यावर आहे.

आठ बाजू जुळायच्या तर प्रत्येक पट्टीचं टोक साडेबावीस अंशांत कापावं लागतं. करवतीवर तशी खाच असते, पातं तिथं टक् करून बसतं. मी खाचेवर विश्वास ठेवून सगळ्या पट्ट्या कापल्या आणि गराजच्या फरशीवर मांडल्या. पहिले सात सांधे बसले. शेवटच्यात अंगठा जाईल एवढी फट. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला होता. एकट्या कापात ते दिसत नाही, सोळा कापांत मिळून दिसतं.

माझं डोकं फिरलं. एका पट्टीचं टोक किंचित तासावं म्हणून ती हातानंच दाबून धरली आणि पातं खाली आणलं. तिरक्या कापात पातं लाकडाला बाजूला ओढतं. पट्टी हातातून हिसकली गेली आणि गराजच्या दारावर आदळली.

आवाज ऐकून मुलगी धावत आली. ती हाताला इजा झालेल्यांची थेरपिस्ट आहे. तिनं आधी प्लग उपटला, मग माझी बोटं उलटसुलट करून पाहिली.

"बाबा, व्हेअर इज द क्लॅम्प?"

"विकणाऱ्याकडे."

"यू बार्गेन्ड अवे द क्लॅम्प?"

"भाव कमी झाला ना!"

"आय सी दीज फिंगर्स एव्हरी वीक, बाबा. दे ऑल सेव्ह्ड समथिंग."

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मी नवा क्लॅम्प आणि नवं लाकूड आणलं. तिथं घासाघीस चालत नाही, तरी मी करून पाहिली. घरी येऊन टाकाऊ पट्टीचे दोन तुकडे पंचेचाळीस अंशांत कापले, जोडले, कोपऱ्यात काटकोन तपासायचा गुण्या लावला. फटीतून उजेड आला. लाकूड टेकवायची मागची पट्टीच पात्याशी वाकडी बसवलेली होती. म्हाताऱ्याला हे ठाऊक नसणार? स्क्रू सैल करून ती सरळ केली आणि उजेड दिसेनासा होईपर्यंत तुकडे कापत राहिलो. मग खऱ्या पट्ट्या: क्लॅम्प आवळायचा, हात लांब, पातं पूर्ण वेगात आलं की खाली, आणि थांबल्याशिवाय वर उचलायचं नाही. मुलगी दारात हाताची घडी घालून उभी. शेवटचा सांधा असा मिटला की नखही जाईना.

शनिवारी सकाळी चौथरा हॉलवर ठेवून मी गाडी लावायला गेलो. परत येतो तर त्याच्यावर जमिनीपर्यंत पांढरं सॅटिन!

"हे काय?"

"डेकोरेशन, काका," सेक्रेटरी म्हणाला. "फोटोत छान दिसतं."

"मग खोका ठेवायचा होता! काढ ते. आठही बाजू दिसल्या पाहिजेत."

"काका, सगळं मॅचिंग केलंय."

"बरं, सहा."

"काका, हे काय दुकान आहे का?"

"चार. चारच्या खाली येणार नाही."

"यार काका, लोक यायला लागलेत. समोरच्या तीन. फायनल."

त्यानं समोरचं कापड वर उचलून पिना लावल्या. वंदना सुरू झाली. मला जागा मिळाली ती पार कडेला. तिथून फक्त सॅटिन दिसत होतं.