भाऊजींचा लाह्यांचा डबा

साकोलीच्या बसस्टँडवर दोन तास बसून मी एसटीनं परत फिरलो, त्याला आता दोन महिने होतील. यादोराव भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, निरोप धाडला होता, ‘एकडाव येऊन जा म्हणा, एकटाच.’ तिथून त्यांचं गाव पाच मैल. पण पाय उचलेना. त्यांना सगळं कळलं असेल, ही भीती... जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये येऊन बायकोला सांगितलं, पुढची बस मिळाली नाही. आठव्या दिवशी भाऊजी गेल्याची तार आली.

पंधरा वर्षं जे कुणाला बोललो नाही, ते आज लिहितो आहे.

भाऊजींच्या गावाच्या पाठीला नागझिऱ्याचं जंगल. धानात रानडुकरं शिरत, म्हणून घरोघरी कुत्री. आमच्याकडे कुत्रं शिकवायचं म्हणजे साखळी, दगड आणि लाथ. भाऊजींचं सगळं उलटं. कमरेला पत्र्याचा एक डबा. त्यात धानाच्या लाह्या, चिमूटभर सुकट आणि आवाजासाठी चार चिंचोके. भुरी नावाचं पिल्लू बांधावर शहाण्यासारखं बसलं की डबा वाजायचा, लाही तोंडात पडायची. वासरामागं धावलं की भाऊजी पाठ फिरवून उभे राहायचे. शिक्षा ती एवढीच. लोक हसत, ‘कुत्रीले शाळेत टाकतं का, यादोराव?’ भाऊजी म्हणत, ‘तुह्या पोट्ट्यापेक्षा लवकर शिकून राह्यली ना बे!’ वर्षभरात डबा वाजला की भुरी कुठूनही धावत येऊ लागली. मग लोकही आपली पिल्लं घेऊन भाऊजींच्या अंगणात यायला लागले.

मला ते एकदा म्हणाले होते, ‘बाबू, बोलावलं आन् मारलं, असं कधी करायचं नाई. मंग ते हाकेलेच भेते.’

आणीबाणीच्या आदल्या वर्षी दिवाळीत मी तिथं होतो. त्यांच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भाऊजी तीन दिवस भंडाऱ्याला गेले आणि डबा माझ्या हाती देऊन गेले. दुसऱ्या दिवशी भुरी सशामागं सुटली. मी हाका मारतोय आणि ती बघतही नाही. पारावरची मंडळी खिदळली, ‘जवायनगरच्या सायबाचं कुत्रंबी आयकत नाई!’ कान तापले माझे. घरी येऊन मी डबा वाजवला. ती शेपूट हलवत आली, माझ्या पायावर हनुवटी टेकवली... मी तिची मान धरली आणि बैल हाकायच्या तुतारीनं, त्या काठीनं, हात दुखेपर्यंत मारलं. ताई तेव्हा शेतावर होती. कुणी पाहिलं नाही.

भाऊजी परत आल्यावर पाचव्या दिवशी आम्ही धान कापत होतो. दिवस कलला होता. भुरी बोडीच्या पलीकडच्या पाळीवर. त्या लहानशा तळ्याकाठच्या गवतात मला आधी फक्त कान दिसले. मग ठिपके. बिबट्या! भाऊजींनी आरडाओरडा केला नाही, डबा वाजवला. ‘भुरे, ये बाई!’ ती सुसाट निघाली. वाटलं, पोचली. भीतीनं मी शेजारी पडलेली तुतारी उचलून वर धरली. चाळीस पावलांवर भुरीनं मला पाहिलं. डबा वाजतोय आणि बाजूला मी, हातात तीच काठी. ती जागच्या जागी थिजली, पोट जमिनीला टेकवलं आणि उलटी फिरून गवतात शिरली. एकच आवाज आला. तो अजून माझ्या कानात आहे.

‘काहून थांबली असन रे ते?’ भाऊजींनी विचारलं. माझ्याकडे बघत, बराच वेळ.

‘बिबट्याले भेली असन,’ मी म्हणालो.

त्यांनी डबा खुंटीला टांगला तो टांगलाच. पिल्लू घेऊन कुणी आलं तर म्हणायचे, ‘माह्या शिकवण्यातच खोट व्हती.’ गावानं तेच धरून ठेवलं. लाह्या चारून कुठं कुत्रं शिकते, म्हणत साखळ्या परत आल्या. पुढं ताईकडे गेलो की शेजारच्या अंगणांतून कुत्र्यांचं केकाटणं ऐकू यायचं आणि मी मान खाली घालून जेवायचो. एक वाक्य बोललो असतो तर... नाही बोललो.

तेरवीला ताईनं तो डबा माझ्यापुढं ठेवला. ‘तुह्यासाठी काढून ठेवाले सांगतलं व्हतं त्याईनं.’ मग सहज बोलावं तशी म्हणाली, ‘भंडाऱ्याहून आल्यावर भुरीच्या पाठीले त्याईनं तेल लावलं व्हतं रे. वळ उठले व्हते. तुले कधी बोलले नाई?’

झाकण उघडलं. आत लाह्या होत्या, नव्या भरलेल्या, आणि चार चिंचोके. मला बोलावलं त्याच दिवशी त्यांनी त्या भरून घेतल्या होत्या, असं ताई म्हणाली.

डबा आता माझ्या खिडकीत असतो. झाडताना बायकोचा हात लागून तो खुळखुळतो, आणि मी दारातच थबकतो. त्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाला बोलावून मारलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी साकोलीहून परत फिरलो.